हिवाळ्यासाठी मोटारसायकलवर विंड डिफ्लेक्टर कसे बसवावेत

डिसेंबरात पहाटे साडेचारला पुण्याहून नाशिककडे निघालेल्या मोटारसायकलस्वाराला नारायणगावपर्यंत थंडी सोसवते. आळेफाटा मागे पडला की ती बाह्यांतून आणि गळ्यापाशी शिरू लागते, आणि चंदनापुरीचा घाट उतरून प्रवरेच्या खोऱ्यात संगमनेरला पोहोचेपर्यंत बोटे इतकी बधिर होतात की क्लच किती दाबला गेला आहे हे कळेनासे होते. रात्री थंड झालेली जड हवा खोलगट भागात साचून राहते, त्यामुळे पहाटेच्या वेळी घाटमाथ्यापेक्षा नदीकाठ अधिक गार असतो. गोदावरी आणि कादवेच्या पाण्याजवळचे निफाड दर हिवाळ्यात बातम्यांत येते त्यामागेही हे एक कारण आहे. या रस्त्यावर अनेक वर्षे जाड जॅकेट आणि दुहेरी हातमोजे घालून गारठल्यानंतर माझी खात्री झाली की थंडीचा प्रश्न कपड्यांच्या थरांनी अर्धाच सुटतो. उरलेला अर्धा भाग वाऱ्याला कुठून वळवायचे याचा आहे, आणि ते काम डिफ्लेक्टरचे, म्हणजे वारा वळवण्यासाठी गाडीवर लावलेल्या काचा, गार्ड आणि पट्ट्यांचे आहे.

मात्र बाजारात मिळणारी सर्वांत उंच काच आणून बसवली म्हणजे हे काम झाले असे नाही. मी पहिल्यांदा तेच केले होते. छातीवरचा वारा थांबला, पण काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला खळबळता झोत थेट हेल्मेटवर आदळू लागला आणि दोनशे किलोमीटरनंतर मान आखडून डोके ठणकू लागले. डिफ्लेक्टर वाऱ्याला नाहीसे करत नाही, त्याची वाट बदलतो, म्हणून तो बसवताना अडवलेला वारा पुढे कुठे जाणार आहे हे आधी ठरवावे लागते. छाती आणि पोट, मग हात, मग गुडघे हा संरक्षणाचा क्रम मी पाळतो आणि प्रत्येक बदलानंतर डोक्याभोवतीची हवा पुन्हा तपासतो.

वारा नेमके काय करतो

उघड्या त्वचेला वाऱ्यात किती गार वाटते याचे एक सूत्र अमेरिका आणि कॅनडातील हवामान विभाग 2001 पासून वापरतात. त्या सूत्रानुसार हवेचे तापमान 10 अंश सेल्सिअस असताना ताशी 80 किलोमीटरच्या वाऱ्यात त्वचेला साधारण साडेचार अंशांइतका गारठा जाणवतो, आणि हवा 5 अंशांवर असेल तर तो शून्याखाली उणे 3 अंशांच्या जवळ जातो. त्वचेचे तापमान प्रत्यक्षात हवेपेक्षा खाली जात नाही, परंतु अंगातली उष्णता ज्या वेगाने निघून जाते तो वेग तितक्या थंडीतला असतो.

या सूत्रातली एक बाब डिफ्लेक्टर निवडताना फार उपयोगी पडते. 10 अंशांच्या हवेत वाऱ्याचा वेग 80 वरून 30 वर आणला, तर जाणवणारे तापमान जेमतेम दोन अंशांनी सुधारते. तोच वेग 30 वरून 5 वर आणला, तर आणखी तीन अंशांहून अधिक फायदा होतो. म्हणजे उघड्या किंवा पातळ मोज्यांतल्या बोटांसाठी अर्धवट आडोसा अर्धा उपयोगाचाही नसतो, कारण फटीतून येणारी झुळूकसुद्धा पुष्कळ ऊब नेते. जॅकेट घातलेल्या छातीचा हिशोब वेगळा आहे. तिथे वारा कपड्यावर दाब देऊन चेनमधून, शिवणींतून आणि गळ्यातून आत घुसतो, आणि हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ताशी 80 किलोमीटरला तो दर चौरस मीटरला सुमारे 30 किलो वजनाइतका असतो, तर ताशी 30 ला त्याचा सातवा हिस्साच उरतो. त्यामुळे छातीसमोर मध्यम आकाराची काच असली तरी जॅकेटमधली स्थिर हवा टिकते आणि मोठा फरक पडतो, पण हातांसाठी बोटांच्या अगदी जवळचा आणि नीट झाकणारा आडोसाच लागतो.

छाती पहिल्या क्रमांकावर ठेवण्यामागे शरीराचेही कारण आहे. धड गार पडू लागले की शरीर हृदय आणि फुप्फुसांची ऊब राखण्यासाठी हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि मग कितीही जाड मोजे घातले तरी बोटांना आतून ऊबच मिळत नाही. बोटे गार पडतात म्हणून फक्त मोजे बदलत राहणारे बरेच चालक मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचा त्रास छातीसमोर काच लागल्यावर कमी झाला. हा प्रश्न नुसत्या सोयीचाही नाही. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते, म्हणून बधिर बोटांमुळे ब्रेक अर्धा सेकंद उशिरा लागला तर 11 मीटर अंतर हातचे जाते.

छातीसमोरची काच

आपल्याकडे सर्रास व्हायझर म्हटली जाणारी विंडशील्ड आणि तिच्या वरच्या कडेला क्लॅम्पने लागणारा छोटा डिफ्लेक्टर हे दोन्ही मिळून एक यंत्रणा आहे असे समजावे. टूरिंगसाठी बनलेल्या अनेक गाड्यांवर कंपनीचीच काच असते. रॉयल एनफिल्ड हिमालयन, केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर किंवा 2021 पासून कारखान्यातूनच टूरिंग साहित्यासह येऊ लागलेली बजाज डॉमिनार 400 ही ओळखीची उदाहरणे आहेत. अशा गाडीवर लगेच मोठी काच विकत न घेता आहे त्या काचेवर उंची आणि कोन बदलता येणारा डिफ्लेक्टर लावून पाहावा, कारण आपल्या उंचीला नेमके काय जुळते हे कमी खर्चात कळते आणि चूक झाली तरी ती दुरुस्त करता येते.

उंची ठरवताना नेहमीचे जॅकेट, हेल्मेट आणि बूट घालून गाडीवर बसावे, दुसऱ्या कोणीतरी गाडी सरळ धरावी, आणि नेहमीसारखे पाठ सैल सोडून समोर पाहावे. काचेची किंवा डिफ्लेक्टरची वरची कड नाकाच्या टोकापेक्षा थोडी खाली आणि हनुवटीच्या वर दिसली पाहिजे. नजर कडेवरून सहज रस्त्यावर पडली पाहिजे, काचेतून रस्ता पाहण्याची वेळ येता कामा नये. धुके, दव, चिखलाचे थेंब आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा प्रकाश यांपैकी कोणतीही एक गोष्ट काचेवर आली तरी तिच्यातून दिसणारा रस्ता नाहीसा होतो. पहाटे पूर्वेकडे जाताना सूर्य क्षितिजाला टेकलेला असतो, तेव्हा बारीक ओरखडे पडलेली काच पांढऱ्या पडद्यासारखी होते. संध्याकाळी पश्चिमेकडे जातानाही तोच अनुभव येतो.

काच जितकी उभी तितका तिच्यामागचा शांत पट्टा रुंद होतो, पण कडेवरून सुटणारी हवा अधिक खळबळते. काच मागे झुकवली की प्रवाह नितळ होतो, मात्र आडोसा अरुंद होतो. यांतले नेमके प्रमाण गणिताने काढता येत नाही, म्हणून कोन आणि उंची यांपैकी एका वेळी एकच गोष्ट आणि तीही सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने बदलावी. मूळ काच आणि वरचा डिफ्लेक्टर यांच्यामध्ये बोटभर फट ठेवलेली असेल तर ती बुजवू नये. त्या फटीतून जाणारा हवेचा पातळ थर कडेवरची खळबळ कमी करतो आणि हेल्मेटवरचे धक्के सौम्य होतात.

काचेमागे कमी दाबाचा पट्टा तयार होतो ही बाब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो भरून काढण्यासाठी हवा पाठीमागून आणि मांड्यांकडून पुढे खेचली जाते, त्यामुळे मोठी काच लावूनही पोटापाशी गार झुळूक जाणवते आणि चालकाला आपण पुढे ढकलले जात आहोत असे वाटते. काच आणखी उंच करून हा दोष जात नाही. काच आणि हेडलाइट यांच्यामध्ये दोन-तीन सेंटीमीटरची मोकळी फट ठेवली, तर तिथून शिरणारी थोडी हवा काचेच्या मागच्या बाजूने वर जाते आणि दाब सारखा करते. इथे थोडा वारा आत घेतल्याने एकूण आडोसा सुधारतो, हे प्रत्यक्ष करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

काच कुठे बांधलेली आहे तेही पाहावे. गाडीच्या सांगाड्याला किंवा फेअरिंगला, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या आवरणाला, धरलेल्या काचेवर वाऱ्याचा झोत आला तर तो पूर्ण गाडीवर पसरतो. हँडलला किंवा पुढच्या फोर्कला क्लॅम्प केलेली काच मात्र तोच झोत थेट स्टिअरिंगला देते. लहान गाडीवर हँडलवरची मोठी काच आणि मागे सामानाने भरलेली जड टॉप बॉक्स असा जोड असेल, तर वेग वाढल्यावर पुढचे चाक हलके होऊन गाडी डुलू लागते. असे जाणवले तर ब्रेक न आवळता हळूहळू वेग उतरवावा, सामान पुढे आणि खाली घ्यावे, आणि काच लहान करावी.

हातांसाठी

मुठीसमोर बसणारा नकल गार्ड किंवा हँडगार्ड निवडताना तो पडल्यावर लिव्हर वाचवतो की नाही याकडेच बहुधा लक्ष दिले जाते, परंतु थंडीसाठी त्याचे क्षेत्रफळ आणि जागा या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. बोटे क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरवर ठेवून समोरून एखाद्याला पाहायला सांगावे. त्याला बोटांचे पेर आणि मुठीची वरची बाजू दिसत असेल, तर त्या गार्डचा थंडीत फारसा उपयोग नाही. काही गार्डना वरून लागणारी जोड-पट्टी मिळते, आणि ती चार-पाच सेंटीमीटर उंचीची असली तरी मोज्यावरून वाहणारा वारा हातावर न येता मनगटाच्या वरून निघून जातो. गार्ड बोटांपासून फार पुढे असेल तर त्याच्यामागे पुन्हा खळबळ तयार होते, म्हणून लिव्हर पूर्ण मोकळी हलेल इतके अंतर सोडून तो शक्य तितका जवळ घ्यावा.

बसवल्यावर इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवावे. गार्ड टाकीला किंवा काचेला टेकता कामा नये, ब्रेकची नळी आणि क्लचची केबल ताणली जाऊ नये, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मूठ दोन्ही टोकांना स्वतःहून पूर्ण मागे फिरली पाहिजे. गार्डचा बाहेरचा बोल्ट हँडलच्या टोकाशी जिथे लागतो तिथे मूठ आणि बोल्ट यांच्यामध्ये मिलिमीटरभर मोकळी जागा नसेल तर अ‍ॅक्सिलरेटर अडकू शकतो, त्यामुळे ही तपासणी घाईत उरकू नये.

उत्तर भारतात हिवाळ्यात हँडलवर चढवायचे जाड कापडी किंवा रेक्झिनचे कव्हर रस्तोरस्ती विकायला असतात आणि ऊब देण्यात ते नकल गार्डपेक्षा सरस असतात, हे मी मान्य करतो. तरीही महामार्गाच्या वेगात त्यांचा एक गंभीर धोका आहे. मऊ कव्हर वाऱ्याने मागे दाबले जाऊन ब्रेकच्या लिव्हरवर टेकते, पुढचा ब्रेक किंचित लागलेला राहतो, डिस्क आणि ब्रेक ऑइल तापत जाते, आणि चालकाला काही कळण्याआधी ब्रेक आवळला जाऊ शकतो. आतून ताठ चौकट असलेले, किंवा कडक नकल गार्डच्या बाहेरून चढवलेले कव्हरच वापरावे, आणि हात एका झटक्यात आत-बाहेर जातो याची गाडी उभी असताना दहा-वीस वेळा सवय करावी. हीटेड ग्रिप, म्हणजे विजेने तापणाऱ्या मुठी, असतील तर वाऱ्याचा आडोसा आधी आणि वीज नंतर, कारण उघड्या वाऱ्यातली ग्रिप तळहात तापवते आणि बोटांची मागची बाजू गोठलेलीच राहते.

गुडघे आणि खालची बाजू

पायांसाठी तीन प्रकार प्रचलित आहेत. पुढच्या फोर्कला लागणाऱ्या लहान पट्ट्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी वर येणारा वारा बाहेर फेकतात. मोठ्या टूरिंग गाड्यांवर टाकीच्या बाजूला फिरणारे पंख असतात. आणि आपल्याकडे सर्वांत सोपा उपाय म्हणजे लेग गार्डला बांधायचे कॅनव्हास किंवा रेक्झिनचे कव्हर. फोर्कवरच्या पट्ट्यांमुळे विंडशील्डच्या खालून पोटाकडे येणारा झोतही कमी होतो, त्यामुळे वरची काच योग्य असूनही पोट गार पडत असेल तर दोष बहुधा तिथे असतो. मात्र या पट्ट्या हँडलसोबत वळतात, म्हणून पूर्ण वळणावर त्या टाकीला, रेडिएटरला किंवा हॉर्नला लागत नाहीत, आणि पुढचे शॉकअप पूर्ण दाबले गेल्यावर मडगार्ड त्यांना घासत नाही, हे पाहावे लागते.

लेग गार्डच्या कव्हरबाबत मी सर्वाधिक सावध राहतो. एअर-कूल्ड इंजिन आपल्या धातूच्या पंखांवरून (फिन) जाणाऱ्या वाऱ्यावरच जगते आणि आपण नेमका तोच वारा अडवत असतो. कव्हरची आतली कड इंजिनच्या पंखांपासून दूर, फक्त नडगी आणि गुडघ्यापुढे येईल अशी बेतावी. ऑइल कूलर किंवा रेडिएटरच्या समोर बोटभरसुद्धा कापड येऊ देऊ नये. रेडिएटर असलेल्या गाडीवर तापमानाचा काटा किंवा दिवा दिसतो, एअर-कूल्ड गाडीवर ती सोय बहुधा नसते, म्हणून इंजिन नेहमीपेक्षा कोरडे आणि खडखडीत वाजणे, चढावर ओढ कमी होणे किंवा जळक्या तेलाचा वास येणे या खुणा दिसताच थांबून कव्हर काढावे. शहराच्या गर्दीत शिरण्यापूर्वी ते काढलेलेच बरे. ते वेल्क्रो किंवा पटकन सुटणाऱ्या पट्ट्याने बांधावे, सुतळीने किंवा तारेने आवळू नये, आणि खालची कड सायलेन्सरच्या पाइपपासून किमान वीतभर दूर ठेवावी.

लोकरीच्या दोऱ्यांची चाचणी

इतके सगळे बसवल्यावर वारा कुठे जातो हे पाहण्याची एक जुनी आणि अचूक रीत आहे. लोकरीचे दहा-दहा सेंटीमीटरचे दोरे कापून ते कागदी मास्किंग टेपने काचेच्या वरच्या कडेला, हेल्मेटच्या कपाळावर आणि दोन्ही बाजूंना, जॅकेटच्या छातीवर आणि खांद्यांवर, मनगटांवर आणि गुडघ्यांवर चिकटवावेत. दृष्टीच्या वाटेत एकही दोरा नसावा. मग एखादा सरळ, रिकामा रस्ता निवडून ताशी 50, 70 आणि 80 किलोमीटरच्या स्थिर वेगाने जावे, आणि शेजारच्या मोटारीत बसलेल्या सोबत्याने ठरावीक अंतर राखून चित्रीकरण करावे. चालकाने दोरे पाहण्याचा प्रयत्न करू नये. तेच अंतर उलट्या दिशेनेही कापावे, नाहीतर त्या दिवशीचा नैसर्गिक वारा निकालात मिसळतो.

चित्रीकरण सावकाश पाहिले की दोरे स्वतःच सांगतात. मागे सरळ ताणलेला दोरा म्हणजे तिथून नितळ वारा वाहतो आहे. शांत लोंबणारा दोरा आडोशात आहे. थरथरणारा, गोल फिरणारा दोरा खळबळीत सापडला आहे, आणि पुढच्या दिशेने वळलेला दोरा तिथे हवा उलटी खेचली जात असल्याचे दाखवतो. छातीवरचे आणि मनगटावरचे दोरे लोंबलेले, तर हेल्मेटच्या कपाळावरचा दोरा सरळ ताणलेला असावा, अशी जुळणी साधायची आहे. हेल्मेट पूर्णपणे आडोशात घेण्याच्या मोहात पडू नये. मध्यम उंचीच्या काचेने ते साधत नाही, आणि साधले तरी काचेतूनच पाहावे लागते. नितळ वाऱ्यातले हेल्मेट स्थिर राहते आणि आवाजही एकसुरी येतो, तर खळबळीतले हेल्मेट डोके सतत हलवत राहते.

मागे सोबती बसणार असेल तर चाचणी त्याच्यासह पुन्हा करावी. काचेवरून उडालेला वारा चालकाच्या डोक्यावरून जाऊन नेमका मागच्याच्या हेल्मेटवर उतरतो, असे बरेचदा घडते, आणि त्याला सांगता येत नसल्याने तो ते निमूटपणे सोसत राहतो. घरची मंडळी मागे बसणार असतील तर त्यांना दर थांब्यावर मुद्दाम विचारावे.

साहित्य आणि जोडणी

काचेसाठी दोन प्लास्टिक वापरली जातात. अ‍ॅक्रिलिक अधिक चकचकीत असते आणि त्यावर ओरखडे कमी पडतात, पण आघाताने ते तुकडे होऊन फुटते. पॉलीकार्बोनेट वाकते, सहजासहजी फुटत नाही, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात आणि पेट्रोल, थिनर किंवा अमोनिया असलेली काच पुसण्याची द्रवे लागली की त्यात बारीक तडे जातात. थंडीच्या प्रवासासाठी मी पॉलीकार्बोनेट निवडतो. ते स्वच्छ करताना ओले सुती फडके दहा मिनिटे काचेवर पसरून ठेवावे, चिकटलेले किडे मऊ झाले की सौम्य साबणाच्या पाण्याने वरून खाली पुसावे, आणि कोरड्या कपड्याने कधीही घासू नये.

खालचे डिफ्लेक्टर स्वतः करायचे असतील तर आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापून उभ्या गाडीवर बेतून पाहावा, हँडल फिरवून कड छाटावी, आणि मग तो 3 मिलिमीटर पॉलीकार्बोनेट शीटवर उतरवावा. हे शीट न तापवता हलक्या गोलाईत वाकते, फक्त गोलाईची त्रिज्या जाडीच्या शंभरपटीहून कमी, म्हणजे इथे 30 सेंटीमीटरहून कमी नसावी. छिद्र बोल्टपेक्षा एक-दीड मिलिमीटर मोठे पाडावे, कारण थंडी-उन्हात प्लास्टिक धातूपेक्षा कितीतरी अधिक आकसते-फुगते आणि घट्ट छिद्रापासून तडा सुरू होतो. छिद्र कडेला अगदी चिकटून नसावे, आणि कापलेल्या सर्व कडा बारीक पॉलिश पेपरने गोल कराव्यात. प्रत्येक बोल्टखाली रबर आणि नायलॉनचे वॉशर घालावे आणि रबर किंचित दबेल इतकेच आवळावे. बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचे थ्रेडलॉकर प्लास्टिकला लागल्यास तेही तडे पाडते, त्यामुळे त्याऐवजी नायलॉनचा लॉकनट वापरणे सुरक्षित आहे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत, कारण नवे रबर तेवढ्यात बसते आणि पकड ढिली पडते.

हेडलाइट, इंडिकेटर आणि पुढची नंबर प्लेट झाकली जाणार नाही, आणि सांगाड्याला कापणे किंवा वेल्डिंग करणे टळेल, अशीच जोडणी करावी. नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील अशा बदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ने मर्यादा घातलेली आहे.

रस्त्यावर

पहिला प्रवास ओळखीच्या रस्त्यावर आणि दिवसा करावा. डिफ्लेक्टरमुळे वाऱ्याला मिळणारे क्षेत्रफळ वाढते, म्हणून ट्रकच्या आडोशातून बाहेर पडताना किंवा साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीसारख्या पवनचक्क्यांच्या उघड्या पठारावर आडवा झोत आला की गाडी पूर्वीपेक्षा जास्त सरकते. हँडल घट्ट न आवळता गुडघ्यांनी टाकी धरावी आणि वेग दहा-पंधरा किलोमीटरने कमी ठेवावा. पुलावर आणि डोंगराच्या खिंडीत हे आधीच करून ठेवलेले चांगले.

दुसरा बदल हेल्मेटच्या काचेवर दिसतो. समोरचा वारा कमी झाला की श्वासाची वाफ आत साचते, आणि सिन्नर ओलांडून धुक्यात शिरताना काच आतून-बाहेरून एकदम पांढरी होऊ शकते. हनुवटीकडची हवेची खिडकी उघडी ठेवावी, आणि शक्य असेल तर काचेच्या आतून लावायचा पिनलॉकसारखा दुहेरी पडदा घ्यावा. काच एक खाच वर उचलून चालवणे हा तात्पुरता उपाय आहे, त्यात डोळ्यांना पाणी येते.

हिमालयात जाणाऱ्यांनी उंचीचाही हिशोब धरावा. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, आणि सुमारे 2,050 मीटरवरच्या मनालीहून 4,890 मीटरच्या आसपासच्या बारालाचा खिंडीपर्यंत हा फरक 18 अंशांवर जातो. म्हणजे मनालीत जुलैची सकाळ 15 अंशांची असली तरी खिंडीत पाण्याचे बर्फ होत असते. तिथे वेग कमी असल्याने मोठ्या काचेची गरज घटते, पण हातांचा आडोसा आणि गुडघ्यांचे कव्हर यांची किंमत वाढते. खडबडीत रस्त्यावर उभे राहून गाडी चालवताना उंच काचेची कड हनुवटीला लागू नये म्हणून वरचा डिफ्लेक्टर उतरवून बॅगेत ठेवता आला पाहिजे, आणि त्याला लागणारी अ‍ॅलन की टूलकिटमध्ये वर असली पाहिजे.

डिफ्लेक्टर लावूनही अंग थरथरू लागले तर थांबावे. दर तासाला गाडी उभी करून, हात काखेत धरून, गरम चहा घ्यावा. थरथर थांबूनही बोलणे अडखळू लागले, गिअर चुकू लागले किंवा झोप येऊ लागली, तर ती धडाची ऊब घटल्याची खूण आहे. अशा वेळी पुढचे गाव जवळ आहे म्हणून गाडी दामटू नये. एखाद्या सोबत्यात अशी लक्षणे दिसली तर त्याचे म्हणणे न ऐकता त्याची चावी काढून घ्यावी आणि त्याला आडोशाला, कोरड्या कपड्यांत बसवावे.

होळी जळाली, थंडी पळाली असे आपल्याकडे म्हणतात, आणि लेग गार्डची कव्हर व फोर्कवरच्या पट्ट्या उतरवण्याची वेळही तीच असते. मार्चच्या उन्हात त्या राहिल्या तर इंजिनच्या वाट्याचा वारा अडतो. बोल्ट, वॉशर आणि रबर प्रत्येक भागाच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. डिफ्लेक्टर सुती कापडात गुंडाळून, त्यावर काही न रचता, सावलीत उभे ठेवावेत. त्याआधी चित्रीकरणातून ठरलेली उंची आणि कोन काचेच्या कडेला बारीक खुणेने आखून घ्यावा, म्हणजे पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा दोरे चिकटवावे लागणार नाहीत.